हिरडीच्या रंगाचा ज्वालासुर

शहरातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचं हसू कवळीताईंच्या हातचं होतं, पण त्यातल्या बहुतेकांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेत, ते डबीत घालून ताईंकडे पाठवत आणि ताई त्यावरून कवळी करून परत पाठवत. दोन जिने चढून गेलं की त्यांची खोली. खिडकीशी लांब टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, कोरायच्या सुऱ्या आणि भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीनं मांडलेले प्लॅस्टरचे जबडे. पहिल्यांदा आलेला माणूस दारातच थबकायचा.

"या हो, घाबरू नका," ताई म्हणायच्या, "चावत नाहीत. अजून दात बसवायचेत त्यांना."

खोलीला लागूनच घर. नवरा शिलाई मशिनं दुरुस्त करायचा आणि मशीन चालू असताना बोलायचं नाही ही सवय त्याला मशीन बंद असतानाही लागलेली होती. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. एक मोठा भाऊ होता, लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेला. त्याचा फोन यायचा, पण त्यात बोलण्यासारखं फारसं काही उरलेलं नव्हतं. तब्येत बरी का? बरी. जेवलीस? हो, जेवले. मग ठेवू? ठेव. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता, नुसतीच सवय झाली होती. ताईंचं त्यावाचून काही अडतही नव्हतं. काम आवडीचं होतं, नवरा भला होता. कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, मजेत चाललंय आमचं.

त्या वर्षी मोठ्या डॉक्टरांनी दवाखाना बंद करायचं ठरवलं. मोठे डॉक्टर म्हणजे ताईंकडे पहिलं काम पाठवणारा माणूस. कामाला लागून ताईंना महिनाही झाला नव्हता, तेव्हा त्यांनी केलेली कवळी पेशंटच्या तोंडात डुगडुगली, आणि डॉक्टरांनी फोन करून न रागावता म्हटलं होतं, "माप मीच नीट घेतलं नव्हतं, पुन्हा पाठवतो." ते खरं होतं की नाही हे ताईंना आजवर कळलं नव्हतं. पण त्या दिवसापासून डॉक्टरांचं काम त्या आधी हातात घेत.

शेवटची तयार कामं पोचवायला ताई दवाखान्यात गेल्या तेव्हा तिथे आवराआवर चालली होती. खुर्ची कुणी तरुण डॉक्टरीण घेऊन जाणार होती. कपाटं उघडी पडली होती.

"ताई, काय हवं ते उचला," डॉक्टर म्हणाले. "वजनकाटा घ्या, मासिकं घ्या. घड्याळ नका घेऊ, ते पुढे पळतं."

ताईंना काही नको होतं. पण बाहेरच्या खोलीत, लहान मुलांना थोपवून धरायला ठेवलेल्या खेळण्यांच्या कपाटात, तुकडे हरवलेल्या कोड्यांखाली त्यांना एका हिरव्या डब्याचा कोपरा दिसला. त्यांनी वरची खोकी बाजूला केली. झाकणावर डोंगर, डोंगरात सात काळी तोंडं, वर पंख पसरलेला एक प्राणी, आणि खाली वळणदार अक्षरांत 'सात गुहांचं राज्य'.

त्या तिथेच लहान मुलांच्या स्टुलावर बसल्या.

"हा घेऊ?"

"सगळं सोडून तो?" डॉक्टर चष्मा वर करून बघायला आले. "मुलांसाठी आणला होता. ती खेळली नाहीत, म्हणून इथे टाकला. त्यात एक सोंगटी कमी आहे हं. कुठल्यातरी पोरानं गिळली की काय, कोण जाणे."

ताईंनी झाकण उघडलं. सरदार होता, चेटकीण होती, बुटका होता. पंखवाला नव्हता.

"गिळण्याजोगी नव्हती हो ती सोंगटी," ताई म्हणाल्या. "मुठीएवढी होती."

लहानपणी ताईंना कुणी ताई म्हणत नव्हतं. घरात त्या ठकी होत्या. शेजारच्यांच्या भिंतीवरून चालून दाखवताना ठकी पडली आणि तिचा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये गेला. आई दिवसभर कामावर, वडील फिरतीवर. दुपारी शाळा सुटली की दादा घरी यायचा आणि ठकीला सांभाळायचं काम त्याच्या गळ्यात पडायचं. त्याचे मित्र मैदानावर, आणि हा पलंगापाशी. त्याच सुमारास वरच्या मजल्यावरचं कुटुंब घर सोडून गेलं, आणि जाताना नको असलेल्या वस्तूंत त्यांनी हा डबा दादाच्या हातात दिला.

मग रोज दुपारी ठकीच्या पांघरुणावर पट उघडला जायचा. दादा सरदार व्हायचा, चेटकीण आणि बुटका दोघांनाही तोच चालवायचा, आणि ठकी पंखवाला ज्वालासुर. तिला ते नाव म्हणता यायचं नाही, ती जालासूल म्हणायची. खेळाचे नियम कडक होते. पुलावर आलं की दरवानाला सांगायचं, कुठे चाललो आणि कशाला, आणि एकदा दिलेलं कारण पुन्हा चालायचं नाही. तिसऱ्या गुहेत सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं. कुणी शिंकलं की ज्वालासुर जागा होतो. आणि एक नियम दादा दर वेळी डाव सुरू करताना झाकण डोळ्यांसमोर धरून मोठ्यानं वाचायचा, "आजारी खेळाडूला एक चाल जादा."

प्लॅस्टर निघालं, पाय बरा झाला, ठकी पुन्हा भिंतीवर चढली. पुढे घर बदललं, डबा ओलीत सापडून भिजला आणि रद्दीबरोबर गेला. त्यात दुःख करण्यासारखं काही नव्हतं, मुलं मोठी झाली होती.

बसमध्ये बसल्यावर ताईंनी डबा मांडीवर उघडला. तळाशी घडी घातलेला कागद होता. त्यावर लिहिलेलं होतं, खेळाचे नियम. त्यांनी तो वाचला, मग पुन्हा वाचला. फासे टाका. दान पडेल तेवढं पुढे जा. वाटेत रत्नं गोळा करा. ज्वालासुराच्या घरात आलात तर एक दान बुडेल. सर्वांत जास्त रत्नं ज्याच्याकडे, तो राजा. संपलं. दरवान नाही. कुजबुजायची गुहा नाही. ज्वालासुर तर इतरांसारखीच एक सोंगटी, दान पडेल तेवढी सरकवायची. त्यांनी कागद उलटून पाहिला. मागे कोरं. आजारी खेळाडूबद्दल कुठेही अवाक्षर नव्हतं.

उतरायचा थांबा मागे पडला हे त्यांना कंडक्टरनं सांगितलं तेव्हा कळलं.

घरी येऊन त्यांनी चपलाही काढल्या नाहीत, आधी फोन लावला.

"दादा, तुला सात गुहांचं राज्य आठवतं?"

"कुठलं राज्य? तब्येत बरी आहे ना तुझी?"

"अरे, आपला खेळ. माझा पाय मोडला होता तेव्हाचा."

मग दादा म्हणाला, "जालासूल!"

"तोच! मला डबा मिळालाय. आणि त्यात नियमांचा कागद आहे. पण दादा, त्यात काहीच नाही रे. पूल आहे, पण दरवान नाही. शिंकेचं नाव नाही. काही म्हणजे काहीच नाही."

"नसणारच. आपल्या डब्यात कागदच नव्हता, ठके."

"मग तू वाचून दाखवायचास ते?"

"झाकण बघून बोलायचो. झाकणावर काय होतं, 'दोन ते चार खेळाडू, वय आठच्या पुढे.' तेवढं वाचायचो आणि पुढचं मनानं." तो हसायला लागला. "तू आठचीही नव्हतीस."

ताई भिंतीला टेकल्या. "आजारी खेळाडूला एक चाल जादा, तेही?"

"तू हरलीस की भोकाड पसरायचीस. आई म्हणायची, तिला रडवू नकोस, पायाला हिसका बसतो. मुद्दाम हरलो असतो तर तू लगेच ओळखलं असतंस, लबाड होतीस. म्हणून मग नियमच करून टाकला. बाकीचं मला फारसं आठवतही नाही आता. कुजबुजायची गुहा काय होती?"

"तिसरी. तिथे वटवाघळं झोपलेली असतात."

"हे मी सांगितलं होतं?"

"तूच."

"तुझ्या कसं काय लक्षात राहिलं सगळं?"

"मला वाटायचं ते छापलेलं आहे," ताई म्हणाल्या.

त्या दिवशी फोन बराच लांबला. नवऱ्यानं दोनदा आत येऊन त्यांच्याकडे पाहिलं आणि शेवटी स्वतःच पानं वाढून घेतली.

आता प्रश्न ज्वालासुराचा होता. दुसरी कुठली सोंगटी त्याच्या जागी ठेवणं ताईंच्या मनाला पटेना. हाताशी मेण होतं, सुऱ्या होत्या. कामं उरकली की त्या मेणाचा गोळा दिव्यावर मऊ करायच्या आणि कोरायला बसायच्या. पंख जमले, शेपूट जमली, पण डोकं आठवेना. पुन्हा फोन.

"शिंगं दोन होती," दादा म्हणाला. "त्यातलं एक मोडलेलं."

"मोडलेलं नव्हतं. ते तसंच होतं, आखूड."

"मोडलेलं होतं, ठके. मी मोडलं होतं, पलंगाच्या कडेला आपटून."

"आणि मला सांगितलंस तसंच असतं म्हणून?"

"मग काय सांगणार होतो?"

फोनवर मिटेना म्हणून दादा स्वतःच आला. दोन जिने चढून वर पोचेपर्यंत त्याला धाप लागली होती. "आयुष्यभर लोकांना वर पोचवलं," दारात उभा राहून तो म्हणाला, "आणि सख्ख्या बहिणीला बिनलिफ्टचीच इमारत मिळावी!" मग त्याची नजर फळ्यांवरच्या जबड्यांवर गेली आणि तो त्यांच्या जवळ गेला. इतक्या वर्षांत तो घरी आला होता, जेवून गेला होता, पण ही कामाची खोली त्यानं नीट पाहिली नव्हती. ताईंनी त्याला सगळं दाखवलं. माप कसं येतं, मेणात दात कसे रोवतात, मग साच्यात प्लॅस्टर ओतून मेण कसं वितळवून काढतात आणि त्या पोकळीत हिरडीच्या रंगाचं अ‍ॅक्रिलिक कसं भरतात.

"म्हणजे खरी वस्तू ती पोकळी," दादा म्हणाला.

"असं काही नसतं. पोकळीनं चावता येतं का?"

दोघांनी मिळून डोकं ठरवलं. एक शिंग पूर्ण, एक आखूड, यावर तह झाला. ते मोडलं की मुळातच तसं, हे ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. जबडा मात्र ताईंनी कुणाला विचारून केला नाही. जुन्या संचांतून उरलेले सगळ्यांत बारीक दात त्यांनी निवडले आणि एकेक करून बसवले. ज्वालासुर साच्यात गेला, उकळत्या पाण्यात शिजला, थंड झाला, घासून पॉलिश झाला आणि टेबलावर उभा राहिला. अंगानं लखलखीत गुलाबी, तोंडात पांढरीशुभ्र बत्तिशी.

नवऱ्यानं तो हातात घेऊन खालून, वरून, पंखांच्या सांध्यातून निरखून पाहिला.

"काम छान झालंय," तो म्हणाला. "कुणाला बसवायचाय?"

रविवारी दुपारी डाव मांडायचं ठरलं. वहिनीला असल्या खेळांचा कंटाळा, म्हणून दादा एकटाच आला. ताईंनी कामाचं टेबल रिकामं करून पुसून घेतलं. पट पसरतात न पसरतात तोच दार वाजलं. बाहेर मोठे डॉक्टर उभे, हातात रबरानं बांधलेली, रत्नांची चित्रं असलेल्या पत्त्यांची गड्डी.

"ही तुमच्या डब्यातली दिसते," ते म्हणाले. "माझ्या टेबलाच्या खणात होती. म्हटलं, नेऊन द्यावी." गड्डी दिल्यावरही ते निघाले नाहीत. "खरं सांगायचं तर घरी बसून करायचं काय ते कळत नाही. सकाळी उठून शर्ट घालतो आणि मग आठवतं."

"चार खेळाडू लागतात," दादा आतून ओरडला. "आत या की!"

आधी कागदावरच्या नियमांनी खेळून बघायचं असं ताईंचं म्हणणं पडलं. एवढं छापलंय, तर त्याचा मान ठेवायला हवा. फासे पडले, सोंगट्या सरकल्या, रत्नं गोळा झाली, डॉक्टर राजा झाले. कॉफीला उकळीही आली नव्हती.

"संपलं?" नवऱ्यानं विचारलं.

"संपलं," ताई म्हणाल्या.

मग दादानं डब्याचं झाकण उचललं, डोळ्यांसमोर धरलं, घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. "खेळाचे नियम. एक. पुलावर दरवान उभा आहे." जिथे तो अडला तिथे ताईंनी पुढचं सांगितलं. डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं ऐकत होते आणि मध्येच हात वर करून शंका विचारत होते. शिंक खोटी काढली तर? जांभई चालते का?

या डावाला संध्याकाळ झाली. डॉक्टर चेटकीण झाले होते आणि पुलावर त्यांनी दिलेली कारणं ऐकून दादाच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. पहिल्यांदा ते पलीकडच्या राक्षसाची अक्कलदाढ काढायला निघाले होते, दुसऱ्यांदा त्याचं बिल वसूल करायला. तिसऱ्या गुहेत चार मोठी माणसं टेबलावर वाकून कुजबुजत होती, आणि खाली राहणाऱ्या बाई काहीतरी मागायला आल्या त्या, कुणी आजारी आहे की काय असं वाटून, पावलं न वाजवता परत गेल्या.

नवरा बुटका होता. त्याची सोंगटी पुलावर आली तेव्हा सगळे थांबले, कारण त्यानं तोवर दान मोजण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं.

"कुठे चाललास?" दरवान म्हणजे दादा.

"पलीकडे."

"कशाला?"

नवऱ्यानं विचार केला. पलीकडच्या काठावर ताईंचा गुलाबी ज्वालासुर दात विचकून उभा होता. "बायको आहे तिकडे," तो म्हणाला.

दादानं टेबलावर हात आपटला, डॉक्टरांना हसता हसता ठसका लागला, आणि त्या गडबडीत ज्वालासुर जागा झाला की नाही यावर नंतर बराच वाद झाला. ताई आपली सोंगटी हातात धरून नवऱ्याकडे बघत होत्या. त्यांना लाजल्यासारखं झालं होतं, आणि या वयात ते कुणाला दिसू नये म्हणून त्या कॉफीचे कप उचलून आत गेल्या.

मग रविवारचा डाव ठरूनच गेला. कधी दादा नवा नियम आणायचा, कधी डॉक्टर. चौथ्या गुहेत जो शिरेल त्यानं उजवा हात वापरायचा नाही, हा नवऱ्याचा नियम. तो त्यानं एका वाक्यात सांगितला आणि सगळ्यांनी लगेच मंजूर केला. दादाला जिने चढायची सवय झाली, निदान तो कुरकुर तरी खालच्या मजल्यावरच संपवू लागला. फोनवरही आता दोघांना ठेवायची घाई नसे.

एका रविवारी डॉक्टर लवकर आले. खोलीत ताई एकट्याच होत्या. डॉक्टर फळीवरचा एक जबडा उचलून उगाच बघत राहिले.

"ताई, एक काम होतं," ते म्हणाले. "म्हणजे माझंच."

ताईंनी हातातली सुरी खाली ठेवली.

"वरचे माझे चारच उरलेत. त्या पोरीनं, माझी खुर्ची नेली तिनं, तपासलं. म्हणाली, काढावे लागतील. इतक्या लोकांना सांगितलं की काही होत नाही, सवय होते. आता स्वतःवर आलं तर चार रात्री झोप नाही." ते हसले, पण ओठ मिटून. "माप ती घेईल. कवळी तुम्ही करा."

"दुसऱ्या कुणाला मी करूही दिली नसती," ताई म्हणाल्या. "खिडकीपाशी बसा. उजेडात हसा बघू."

"आत्ता?"

"दात गेल्यावर कशाला बघू? आत्ताच बघायला हवं."

डॉक्टर खिडकीपाशी बसले आणि हसले. आधी ओशाळं, मग नीट. समोरचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला होता. पुढे दात निघून माप आलं तेव्हा कवळीतला तो दात ताईंनी तसाच बसवला, जरासा तिरका. रंगही पांढराशुभ्र निवडला नाही, कॉफी पिणाऱ्या माणसाच्या दातांचा निवडला. त्या कामाला त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. पॉलिश झाल्यावर दोनदा बोट फिरवून कडा पाहिल्या.

नवी कवळी तोंडात घेऊन डॉक्टर डावाला आले तेव्हा त्यांच्या बोलण्यात शिट्टी वाजत होती. 'सरदार' म्हणताना तर सरळ वारा सुटायचा. असं होतं, आठवडाभर मोठ्यानं बोलत राहायचं, हे त्यांनी स्वतः शेकडो लोकांना सांगितलेलं होतं. ते काहीसे हिरमुसले. दादानं कुणाला न विचारता झाकण उचललं. "नवा नियम. आजपासून चेटकिणीनं प्रत्येक चालीला तीन वाक्यं बोलायची. सगळ्यांना ऐकू जातील अशी."

"हे कुठे लिहिलंय?" डॉक्टरांनी शिट्टी वाजवत विचारलं.

"हे काय, इथे," दादा म्हणाला, आणि झाकण ताईंकडे वळवलं. "ठके, आहे ना?"

"आहे," ताई म्हणाल्या. "ठळक छापलंय."

डॉक्टर बोलत राहिले. आधी थांबून थांबून, मग तावातावानं, कारण बुटका त्यांचं रत्न पळवत होता. पुढच्या दोन-तीन रविवारी शिट्टी कमी होत गेली, आणि एका संध्याकाळी डाव मोडताना लक्षात आलं की ती गेलीच आहे.

त्या संध्याकाळी निघताना डॉक्टरांनी स्वयंपाकघराच्या टेबलावरच्या टोपलीतलं एक सफरचंद उचललं. ताईंनी सवयीनं सुरी पुढे केली. ते नको म्हणाले, जिना उतरले, आणि दादा त्यांच्या मागोमाग. ताई आणि नवरा खिडकीत उभे राहिले. खाली दिव्याच्या खांबापाशी डॉक्टर थांबले, त्यांनी सफरचंद शर्टाला पुसलं आणि सरळ दातांनी तोडलं. आवाज वरपर्यंत आला.

"घट्ट बसलीय," नवरा म्हणाला.

"बसणारच," ताई म्हणाल्या, आणि डॉक्टर कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या खिडकीतून हलल्या नाहीत.